दमट

तमारा आईचे कपडे दानासाठी न्यायला सस्काटूनहून आली, तर कपाट रिकामं. ती तळघरात उतरली. आईच्या दुखण्यावर उतारा म्हणून बाबांनी तिथे दिव्यांखाली गांजाची झाडं लावली होती; फुलं धरायच्या आतच आई गेली. झाडांशेजारी दोरीवर आईचे गाउन ओलेचिंब लटकत होते; शेवटचा बाबांच्या हातात होता.

"बाबा, हे तर धुतलेलेच होते ना?"

"हो गं. पण बाहेर उणे तीस, आत हीटर. हवा कोरडी पडली की पानं कुरकुरीत होतात."

"अहो, मग हवा दमट ठेवायचं मशीन आणायचं!"

म्हाताऱ्या बाबांनी हातातला गाउन पिळला.

"कधी लागलंच नाही. तुझी आई अंथरुणात दिवसाला चार-पाच खराब करायची, ते धुऊन इथेच वाळायचे. आता स्वच्छच भिजवावे लागतात."