काकूंची लख्ख फाइल

"काका, गर्भाशयाचं ऑपरेशन तुम्ही आमच्यापासून लपवलंत," विमा कंपनीतली बाई म्हणाली.

मास्तर आधी हसले. बाई हसत नाही असं दिसल्यावर त्यांनी एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेण्यात गेलेली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सुईत दोरा ओवायला शेजारच्या न्हाव्याला हाक मारावी लागायची. गेल्या आठवड्यात एका वकिलाच्या कोटाला त्यांनी डावी बाही उजवीकडे लावली, आणि वकिलाने कोट तोंडावर फेकला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं नाही तर दुकान बंद, इतका सरळ हिशेब होता. आणि ऑपरेशन या बाईच्या 'हो'वर अडलं होतं.

"बाई, मी पुरुष आहे."

"ते दिसतंय हो मला. पण कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे. दवाखान्यातली तुमची फाइल बघायची परवानगी तुम्हीच दिलीत, फॉर्मवर सही करून. आणि त्याच फॉर्मवर 'आधी काही ऑपरेशन?' याच्यापुढे ठोकून दिलंत, 'नाही'. खोटी माहिती. मोतीबिंदूचा खर्च नामंजूर."

"अहो, असतं तर काढलं असतं ना!"

"लाजू नका काका. हल्ली कोण लाजतं?"

कंपनीचा न्याय असा सोपा असतो. समोर बसलेला माणूस खोटं बोलू शकतो, पडदा नाही. उद्या पडद्यावर शेपूट आलं, तर माणसाने निमूट खुर्चीत पुढे सरकून शेपटीला जागा करून द्यावी.

मास्तरांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. शेवटी बाईनेच तारीख वाचली. ती ऐकून मास्तर मागे टेकले. त्या दिवशी दुकानाला कुलूप घालून ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते.

"हे माझं नाही. बायकोचं आहे," ते म्हणाले. "घरात मोबाईल एकच, माझा. दवाखान्यात नंबर विचारला की आम्ही तोच सांगायचो. काउंटरवरची मुलगी नंबर टाकायची, माझं नाव यायचं, ती बटण दाबून मोकळी. बायकोचं सगळं दुखणं माझ्या फाइलीत पडत गेलं."

"असं होय!" बाई विरघळली. "थांबा, काकूंची फाइल बघते."

तिने नाव शोधलं आणि तिचा चेहरा उजळला.

"काका, ही तर आरशासारखी लख्ख आहे! ना गाठ, ना गोळी. साधा खोकलासुद्धा नाही, आणि तेही या वयात! जुनी पॉलिसी आमचीच दिसतेय. दोन वर्षं हप्ते थांबलेत, विसरल्या असतील. नवीन करून टाकू, सवलतीत. असं गिऱ्हाईक दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही."

"आणि माझे डोळे?"

"तुमचं कठीण आहे काका. तुमचा इतिहासच वाईट. पण काकूंचं आजच्या आज होईल. सहीला तेवढं घेऊन या त्यांना."

मास्तरांनी कापडी पिशवीत हात घातला. सगळ्या कागदांच्या तळाशी एक पत्र होतं. घडीवर विरलेलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"वाचा. मला दिसत नाही."

पत्र तिच्याच कंपनीचं होतं. बाई ठसक्यात वाचू लागली. "'सदर महिलेच्या फाइलमध्ये गाठीची अथवा गर्भाशयाच्या ऑपरेशनची कोणतीही नोंद आढळत नाही. केवळ कागदी रिपोर्ट ग्राह्य धरता येत नाहीत. सबब...'" तिचा आवाज खाली आला. "'...सबब पुढील तातडीच्या उपचारांचा खर्च नामंजूर.'"

पत्रावर तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. बाईने पडद्याकडे पाहिलं. मग पत्राकडे. मास्तरांकडे तेवढं पाहिलं नाही.

"नोंद सापडली ना, बाई?" मास्तर उठत म्हणाले. "आता बायको तेवढी शोधून द्या. सहीला लागेल."