मागितल्याशिवाय

बांगड्याचा तुकडा दिपेशच्या ताटात पडला, तेव्हा क्रांतीने कपाळाला हात लावला. तिच्या मोबाइलवर लावलेल्या घड्याळात जेमतेम अकरा सेकंद झाले होते.

"आजी! थांबायचं ठरलं होतं ना आपलं?"

"थांबले की," सुमित्राबाई म्हणाल्या. "आनखी किती थांबू? पोराची नजर म्हावऱ्यावर हाय."

दिपेश त्यांचा नातू, सहा वर्षांचा. त्याला ऑटिझम होता आणि तो बोलत नसे. अशा मुलांच्या घरी जाऊन शिकवणारं एक केंद्र बेलापूरला होतं. तिथून क्रांती दर बुधवारी दुपारी नेरूळच्या गावठाणातल्या या चार मजली घरी येई. तिने दिपेशसाठी चित्रांची फाइल केली होती. मासा हवा, की माशाचं कार्ड काढून समोरच्याच्या हातात द्यायचं. पाणी हवं, की पाण्याचं. एक कार्ड जरी त्याने आपणहून दिलं, तरी जूनपासून त्याला केंद्राच्या सकाळच्या वर्गात घेणार होते. त्या वर्गासाठी त्याची आई भाविका देव पाण्यात घालून बसली होती. आज क्रांतीची शेवटची फेरी होती आणि फाइलमधलं एकही कार्ड अजून जागचं हललं नव्हतं.

हलणार कसं? दिपेशवर मागायची वेळच कधी आली नव्हती. माणसाला मागावं लागलं, तर ती घरच्या बाईची नाचक्की, असा सुमित्राबाईंचा कायदा. शेतं होती तेव्हा लावणीला आलेल्या तीस-तीस माणसांना त्यांनी न विचारता वाढलं होतं. पुढे शेतांवर टॉवर उभे राहिले, माणसं पांगली, पण त्यांचा हात काही आखडला नाही. तिसांचं वाढणं आता चार ताटांत होऊ लागलं. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा या घरातून भाकरी खाऊनच बाहेर पडे. खुद्द क्रांतीचं वजन सहा महिन्यांत चार किलोंनी वाढलं होतं.

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, म्हणतात ना आजी?"

"ती आई कुनाची आसंल. आमचे घरान कोनाला मागावा लागत नाय."

क्रांतीने मग आवाज खाली आणला. "त्याच्या मनातलं तुम्हाला कळतं, मान्य. पण वर्गात तुम्ही नसणार. आणि कधीतरी या घरातही नसणार. तेव्हा तो कोणाला काय सांगेल?"

हा प्रश्न सुमित्राबाईंना रोज पहाटे जागं करी, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांनी तो ऐकला नव्हता. त्यांनी पळी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या म्हणाल्या, "लाव तुझा घड्याल."

कालवणाचं पातेलं दिपेशच्या हाताबाहेर, पण डोळ्यांसमोर ठेवलं. फाइल ताटाशेजारी ठेवली. पहिलं मिनिट गेलं. दिपेशने ताटातला तुकडा संपवला. दुसरं मिनिट गेलं. तो रिकाम्या ताटावर बोट फिरवत बसला. शेजारी त्याचे आजोबा गोटीराम जेवत होते, त्यांनीही चावणं थांबवलं.

रिकामं ताट! सुमित्राबाईंना ते बघवेना. तिसऱ्या मिनिटाला हात मांडीखालून निसटले. क्रांतीने तोंड उघडायच्या आत दिपेशच्या ताटात बांगड्याचे दोन तुकडे, भाकरी, भात आणि भातावर कालवण येऊन पडलं. त्याच झपाट्यात थोडं गोटीरामांच्याही ताटात पडलं.

समोर जेवायला बसलेली भाविका उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. "गेला वर्ग," ती एवढंच म्हणाली.

सुमित्राबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठे बघावं कळेना. अशा वेळी त्यांचा हात आपोआप टोपल्याकडे जाई, तसाच तो गेला. त्यांनी आणखी एक भाकरी उचलली आणि दिपेशच्या ताटावर धरली.

दिपेशने भाकरीकडे पाहिलं. मग फाइल पुढ्यात ओढली आणि पानं उलटत गेला. क्रांतीने त्याला कितीदा तरी दाखवलेलं, पण घरात दुसऱ्या कोणी कधी न उघडलेलं शेवटचं पान त्याने काढलं. त्यावरचं लाल कार्ड चर्रकन उपटलं आणि आजीच्या हातातल्या भाकरीवर ठेवलं.

"दिलान! माझे पोरान कार्ड दिलान!" सुमित्राबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "काय मागतंय रं बाला? सांग गो क्रांती, काय हाय यावर? आत्ता देते!"

क्रांतीला हसू आवरेना. "मागत नाहीये तो, आजी. 'पुरे' म्हणतोय."

भाविका वळली. तीही हसत होती आणि रडतही होती. क्रांतीने मोबाइलवर केंद्राला तिथूनच कळवून टाकलं की मुलगा जूनमध्ये येतोय. सुमित्राबाई मात्र हातातल्या भाकरीकडे बघत होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात 'पुरे' हा शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता. त्यांनी ती भाकरी सावकाश मागे घेतली आणि पुन्हा टोपल्यात ठेवली.

वाढायला काढलेली भाकरी परत गेलेली गोटीराम जन्मात पहिल्यांदा बघत होते. ते क्रांतीकडे सरकले आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "पोरी, मोठे मान्सांना पन देतान काय गो असला कार्ड?"