परतलेला नारळ

साठ सालच्या श्रावणात बंदराच्या गल्लीत पुन्हा पाणी तुंबले. जुना ओढा बुजवून बांधलेले गटार इतके अरुंद होते, की भरतीच्या वेळी ते पाणी गिळण्याऐवजी ओकत असे.

त्या गढूळ पाण्यावर तरंगत एक नारळ आला आणि मनुबाईच्या दारावर आपटू लागला. ठक. ठक. त्याला तिच्याच लुगड्याची हिरवी चिंधी बांधलेली होती. नारळी पुनवेला तिच्या नवऱ्याने, अंबाजीने, तो दर्याला वाहिला होता. दुसऱ्या दिवशी होडी घेऊन गेलेला अंबाजी अजून परतला नव्हता.

"अगो मनू, गटारानंच फिरवून आनला आसंल," शेजारची आवडाबाई खिडकीतून हसली. "त्यातनं कधी काय गेलंय? येतंच सगलं!"

मनुबाई हसली नाही. दर्याने परत केलेल्या नारळाचा अर्थ कोळीवाड्यात कोणी मोठ्याने सांगत नसे. तिने तो उचलून देवापुढे ठेवला आणि दाराला कडी लावली.

दिवेलागणीला ओहोटी लागली. गल्लीतले पाणी उतरले, उंबरा उघडा पडला. समईच्या उजेडात नारळ देवापुढे निमूट होता.

ठक. ठक.

आवाज या वेळी कडीच्या उंचीवरून आला. दर्यावरून परतल्यावर अंबाजी जिथे थाप मारी, नेमका तिथून.