हुकूम किडनीचा

"माझं घ्या," सुनेचा भाऊ शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळून डॉक्टरांपुढे उभा राहिला. "आमचा रक्तगट एकच आहे. हवं तेवढं काढा."

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंना त्याची कीव आली. बहिणीला किडनी द्यायला आधी तोच निघाला होता, पण मूतखड्याच्या दुखण्यामुळे त्याला नाकारलं आणि मग सासूबाईंनी आपली दिली. ती बोच त्याच्या मनातून जात नव्हती.

नवी किडनी पहिल्या दिवसापासून कामाला लागली होती. पण आज सकाळी सुनेचं हिमोग्लोबिन साडेसातवर उतरलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"रक्त इतक्यात नको," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेरचं रक्त आलं की शरीर परकं ओळखायला शिकतं, त्याच्याविरुद्ध फौज उभी करतं. तीच फौज पुढे या किडनीवर उलटू शकते."

"बाहेरचं कसं? मी सख्खा भाऊ आहे तिचा!"

"शरीराला नाती कळत नाहीत हो. ऑपरेशननंतरचा रक्तस्राव थांबलाय, तिला धाप नाही, चक्कर नाही. संध्याकाळी आकडा सातच्या खाली गेला तर मात्र द्यावंच लागेल. तेही पांढऱ्या पेशी गाळून देऊ. पण धोका उरतोच."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. दिलेली किडनी पाण्यात गेली तर गेली, पण या पोरीला पुन्हा त्या डायलिसिसच्या मशीनला जुंपायचं?

"अहो, पण दिलं नाही तर वाढणार कुठून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच किडनीमुळे. रक्त हाडांच्या आत बनतं, पण बनवायचा हुकूम किडनी सोडते. तिच्या किडन्यांना ते जमत नव्हतं. तुमच्या किडनीला जमेल, थोडे दिवस लागतील."

पलंगावरून सुनेचा क्षीण आवाज आला. "हुकूम सोडायला तिला शिकवावं लागणार नाही, डॉक्टर. सगळी हयात आईंच्या पोटात गेलीय तिची."

भावाने दचकून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या शिवणाच्या दुकानात कामाला असलेल्या चौघीजणी त्यांच्यापुढे चकार शब्द काढत नसत. पण सासूबाई पोट दाबून हसत सुटल्या.

"मेले, गप्प बस! टाके उसवतील माझे."

दुपार काही केल्या सरेना. सून डोळे मिटून पडली होती. सासूबाई तिची फिकी नखं बघत बसल्या. रिकाम्या हातांनी बसायची सवय नव्हती त्यांना. शेवटी त्यांनी मनातल्या मनात किडनीलाच दम भरला. दुसऱ्याच्या घरी गेलीस, आता तेच तुझं घर. कामात कुचराई करू नकोस. तिला जप. माझं नाव राख, बाई. मुलगी नव्हती त्यांना, कुणाची पाठवणी करायची वेळ कधी आलीच नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर लगबगीने आत आल्या.

"सात पॉइंट आठ. किडनीचा हुकूम हाडांपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे, पण उतरणं थांबलंय. रक्त नको."

भाऊ मटकन स्टुलावर बसला आणि बहिणीचा हात धरून लहान मुलासारखा रडू लागला. "अरे, मी आहे ना," ती त्यालाच समजावत राहिली.

तेवढ्यात तपासणीसाठी रक्त काढायला नर्स आली. तिच्या ट्रेमध्ये रिकाम्या नळ्या होत्या. सासूबाईंनी खुर्ची सरळ तिच्या वाटेत आणली.

"बेताने घे हं, बाई," त्या म्हणाल्या. "रक्त घेणाऱ्या तुम्ही ढीगभर. करणारी माझी किडनी एकटी आहे."