पाईक माशाची साक्ष

“आधीच सांगून ठेवतो, यावर तुझा विश्वास बसणार नाही,” आर्ने स्टोर्विक म्हणाला. “आजवर कोणाचाच बसलेला नाही. गोष्ट इतकी खरी आहे, की मला स्वतःलासुद्धा ती दोनदा तपासून पाहावी लागली.”

तेरा वर्षांची मार्नी बाकाच्या पार टोकाला सरकली. मिनेसोटातल्या त्या कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये बाक एकच होता. त्यामुळे तक्रार करणारा म्हातारा आणि जिच्यावर तक्रार ती पोर, दोघांना एकाच लाकडावर बसावं लागलं होतं. समोरच्या दाराआड मिसेस ओबर्ग मार्नीच्या आईशी बोलत होत्या. मुलांवरची प्रत्येक तक्रार आधी या बाईंकडे यायची. तक्रारदार आणि मूल यांचं त्यांच्यासमोर जमलं, तर कागद तिथेच मिटायचा. नाही जमलं, तर तो वरच्या मजल्यावर न्यायाधीशांकडे जायचा. मार्नीची ही दुसरी खेप होती. कागद वर गेला तर दोनशे मैलांवरचं सुधारगृह, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सकाळपासून नखं खात होती.

गुन्हाही काही लहान नव्हता. गोठलेल्या तळ्यावर आर्नेचं मासेमारीचं खोपटं उभं होतं; आत बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून तो मासे धरायचा. तिने ते मामाच्या बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलला बांधलं आणि ओढून नेलं. बाहेर गाडी दिसली नाही, तेव्हा आत कोणी नसेल असं तिला वाटलं. इकडे आर्ने या वर्षी खोपट्याखाली ठोकळे घालायला विसरला होता. तळ बर्फाला घट्ट चिकटून बसला होता. भिंती आणि छप्पर स्नोमोबाईलच्या मागे निघून गेले. खोपट्याची लाकडी जमीन तिथेच राहिली. जमिनीवर शेगडी राहिली, बर्फातलं भोक राहिलं, आणि भोकासमोर लोकरीच्या आतल्या विजारीत आर्ने राहिला, हातात गळ धरून.

अख्खं तळं हसलं. आर्नेने तक्रार खोपट्याची केली, पण दुखलं होतं ते हसणं. “पाठवा वर,” असं त्याने काल बाईंना ठणकावून सांगितलं होतं.

पण ऐकणारं माणूस शेजारी असताना गप्प बसणं आर्नेला आयुष्यात जमलं नाही. मग ते माणूस वैरी का असेना.

“एक पोरगा होता,” तो म्हणाला. “मी नव्हे, दुसराच. पोस्टमास्तरच्या खोपट्यात चोरून शिरला. गळ टाकला. लागला पाईक मासा. केवढा असेल?”

“तुमच्याएवढा,” मार्नी म्हणाली.

“माझ्याहून मोठा. आणि तब्येतीने बरा. त्याने खोपटं पोरासकट ओढलं ते थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत. तिथे मात्र थांबावं लागलं. पासपोर्ट नव्हता.”

“पोराकडे?”

“माशाकडे.”

मार्नीने हसू दाबलं. पहिल्यांदाच तिचं नख तोंडातून बाहेर आलं.

“झाली चोरीची तक्रार. पोरगा म्हणे, मी नाही नेलं, माशाने नेलं. न्यायाधीश म्हणाले, मासा हजर करा. गुरांच्या पाण्याच्या टाकीत घालून आणला. शपथ दिली. ‘खोपटं तू ओढलंस?’ माशाने तोंड उघडलं, मिटलं. ‘बघा, कबूल करतोय!’ पोरगा ओरडला. ‘जांभई देतोय!’ पोस्टमास्तर ओरडला.”

“आणि मग?”

आर्नेचा आवाज उतरला. “मग न्यायाधीशांनी सगळ्यांना बाहेर काढलं. माशालासुद्धा. दार लावून घेतलं. खुर्चीवरून उतरून पोरापाशी गुडघ्यावर बसले आणि त्याच्या कानात विचारलं, ‘संध्याकाळी घरी तुझी वाट कोण बघतं रे?’”

“काय म्हणाला तो?”

“बुटाची नाडी सुटली होती, तिच्याकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी ती बांधून दिली. मग हुकूम काढला. बर्फ वितळेपर्यंत दर शनिवारी पोराने पोस्टमास्तरशेजारी बसून मासे धरायचे. आणि पोस्टमास्तरने त्याला कोको पाजायचा.”

“ही शिक्षा नक्की कोणाला?”

“ते पोस्टमास्तरला मरेपर्यंत कळलं नाही. त्या वर्षीचा बर्फ वितळला. पुढची अकरा वर्षंही वितळला. दोघं बसतच राहिले.”

गोष्ट संपली की आर्ने ऐकणाऱ्याचं तोंड निरखायचा. आज तो स्वतःच्या हातांकडेच बघत बसला.

दार उघडलं. मिसेस ओबर्गनी दोघांना आत घेतलं, दार लावलं. मार्नीची आई रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

“मिस्टर स्टोर्विक, कालचंच ना? कागद वर पाठवते.”

“थांबा,” आर्ने म्हणाला. “असं लिहा. भिंती हिने परत उभ्या करायच्या. ठोकळे मी घालीन, ती चूक माझी. आणि दर शनिवारी हिने माझ्याशेजारी येऊन बसायचं.” तो जरा खाकरला. “कोको माझ्याकडे.”

मिसेस ओबर्गचं पेन हवेतच थांबलं. आईची घडी अर्ध्यावर राहिली.

“तुला कबूल आहे, मार्नी?”

“सगळं कबूल. एक सोडून.”

आईने डोळे मिटले. मार्नी म्हाताऱ्याकडे वळली.

“मासा कॅनडापर्यंत गेला, पटलं. शपथेवर साक्ष दिली, तेही पटलं. पण दार बंद होतं, आणि विचारलं कानात. तो पोरगा दुसराच कोणी होता, ही मात्र शुद्ध थाप आहे, आजोबा!”