आठवा स्वाध्याय

शेजवळ सरांनी पानावर लाल पेनानं रेघ मारली. पान उलटून दुसरी मारली. कडुबा टेबलासमोर उभा राहून बघत होता.

"दहाच्या दहा चूक," सर म्हणाले. "आशाताईंना झालंय काय? सात स्वाध्यायांत एक चूक नाही, आणि आठव्यात हे. गणित एक, खाली उत्तर भलत्याच गणिताचं."

"घरी जरा अडचण व्हती सर."

"अडचण सगळ्यांनाच असते. रविवारच्या तासालाही दोन महिने नाहीत त्या."

"गुडघे धरलेत तिचे."

दोन महिने तो हेच सांगत होता. आशा, त्याची बायको, जानेवारीत वारली होती. दोन दिवस ताप आला आणि गेली.

बारावीला तिला गणितात ब्याण्णव गुण होते. मग लग्न झालं. अठरा वर्षं फुलंब्रीला बालवाडी चालवून तिनं शहरात बी.एस्सी.ला नाव घातलं. तास फक्त रविवारी, पण स्वाध्यायाची वही दर शनिवारी सरांकडे पोचवायची. कडुबाची जीप रोज फुलंब्रीहून शहरात यायची, म्हणून वही त्याच्याकडे. लागोपाठ दोन स्वाध्याय चुकले की पटावरून नाव कमी, असा सरांचा नियम होता. पहिलं सत्र ती पास झाली. दुसऱ्या सत्राला कॅल्क्युलस होतं. दहा स्वाध्यायांचा कागद मिळाला तसे तिनं सात एका दमात कच्च्या वहीत सोडवून टाकले. पक्क्या वहीत एकच उतरवला.

आशा गेल्यावरचं पुण्यानुमोदन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कडुबा वही घेऊन आला तो सरांना सांगायलाच. पण सरांनी आधी वही उघडली. वाचता वाचता हसले.

"ताईंना सांगा, फार सुंदर सोडवलंय."

"सांगतो," कडुबा म्हणाला.

तिथं तो अडकला. पुढच्या शनिवारी खरं सांगायचं तर आधीचं खोटं निघणार होतं. आणि न्यायचीच वही तर ती भरलेली हवी. तो कच्च्यातलं पक्क्यात उतरवू लागला. हर्सूलच्या नाक्यावर सीट भरेपर्यंत वही स्टेअरिंगवर ठेवून लिहायचा. त्यातलं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. इंटिग्रेशनचं ते लांब चिन्ह तिच्यासारखं वळवायला दोन आठवडे गेले. तिचा मोबाईल तो चार्ज करून ठेवायचा. वर्गाच्या ग्रुपवर सरांची सूचना आली की तिच्या नावानं अंगठा पाठवायचा.

सातव्या स्वाध्यायाला कच्च्या वहीतलं लिहिलेलं संपलं. पुढं कोरी पानं.

जीपमध्ये रोज विशाखा नावाची इंजिनिअरिंगची मुलगी यायची. त्यानं तिला कागद दाखवला.

"काका, माझाच हा विषय राहिलाय मागच्या वर्षापासून," ती म्हणाली. "माझ्या भरवशावर राहाल तर दोघं बुडू."

शेवटी आठवा त्यानं स्वतःच केला. नव्या गणितांची तोंडं जुन्यांशी जुळवून पाहिली. जे ज्याच्यासारखं दिसलं, त्याचं उत्तर त्याच्याखाली लिहिलं. शुक्रवारी वही भरली. भरलेली दिसत होती.

"या वेळी स्वाध्याय दिला असं धरतो," सर म्हणाले. त्यांनी वहीवर सही केली. कडुबानं श्वास सोडला. मग सरांनी पट ओढला, आशाच्या नावासमोर लाल शाईनं काहीतरी लिहिलं. कडुबानं उलट्या बाजूनं सावकाश वाचलं. अभ्यासाकडे दुर्लक्ष.

"ताईंना स्पष्ट सांगा. नुसती हुशारी असून चालत नाही. मन नसेल तर जागा अडवू नये."

"व्हय. जय भीम, सर."

"जय भीम."

तो खाली आला. जीप भरली होती. पुढच्या सीटवर सारजाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय रं कडुबा, निघायचं का हितंच मुक्काम करायचा?"

कडुबानं वही समोर ठेवली. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. नाव राहिलं होतं. नवव्याला काहीतरी जुळवता येईल, दहाव्यालाही. पाय क्लचवर तसाच राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं.

"आता काय राहिलं?" सारजाबाईनं विचारलं.

"आलोच मावशे."

तो जिना चढून वर गेला. सर कपाटाला कुलूप लावत होते.

"आठवा तिनं नाय केला सर," कडुबा म्हणाला. "म्या केला. मला काय येतं त्यातलं? सातवीत शाळा सुटली माझी."

"तुम्ही? का? त्यांनी का नाही केला?"

"ती नाय आता. जानेवारीत वारली. सात तिनं आधीच करून ठेवले व्हते, ते म्या उतरवून आणत व्हतो."

सर खुर्चीत बसले. खालून हॉर्न वाजला. कुणीतरी आत हात घालून वाजवत होतं.

मग सरांनी कपाट पुन्हा उघडलं, पट काढला आणि ते पान समोर ठेवलं.

"कडुबा, आता नाव कमी करावं लागेल मला."

"करा," कडुबा म्हणाला. त्यानं त्या तांबड्या शब्दांवर बोट ठेवलं. "पण आधी हे खोडा."