साडेएकोणचाळीस

"साडेएकोणचाळीस," प्रसन्नने आतूनच थर्मामीटर वाचून ताप सांगितला.

पर्णिका बंद दाराबाहेर पेजेचं भांडं घेऊन उभी होती. शारजाच्या रोल्ला भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दार बंद झाल्याचा आज तिसरा दिवस. प्रसन्न दुबईत ससाण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन. मागच्या आठवड्यात तिथे एक ससाणा दगावला आणि सोमवारी ह्याला ताप चढला. डॉक्टरांनी घशातला नमुना नेला होता. बर्ड फ्लू आहे की नाही, ते आज कळणार.

"ताप म्हणजे शरीराचा वॉचमन, तूच म्हणतोस ना? अंग तापलं की जंतू मरतात."

"मरतात, पण आपल्या माणसांचे जंतू. पक्ष्याचं अंग मुळातच एक्केचाळीस डिग्री. तिथे वाढलेल्या व्हायरसला माझा ताप म्हणजे एसी गं!" तो हसायला गेला आणि खोकत राहिला. "वॉचमन शिट्ट्या मारतोय, चोर आरामात बसलाय... इशिता?"

"खालाकडेच आहे."

चार वर्षांच्या इशिताला तिने पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावर मरियमबी खालांकडे पाठवलं होतं. मरियमबी रत्नागिरीकडच्या, एकट्या, पोरीवर जीव टाकणाऱ्या. तेव्हापासून पर्णिका इशिताची छोटी उशी पोटाशी घेऊन हॉलमध्ये झोपायची. उशीला अजून बेबी पावडरचा वास होता. तासातासाला ती वर फोन लावायची.

"खाला, रडते का हो?"

"रडेल कशाला गो? दिवसभर गच्चीवर खेळते, खाली यायचं नाव नाय. सकाळी अंडं खाल्लंन. ताजं, हाताला कोमट लागत होतं."

"अंग गरम नाही ना?"

"कपाळ थंडगार आहे, बाय. तू तुझ्या नवऱ्याला बघ."

साडेपाचला फोन वाजला. पर्णिकाने तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून डॉक्टर बोलत होते. तिने एकदा ऐकलं, पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं.

"साधा फ्लू!" ती दाराशी ओरडली. "माणसांचाच आहे रे, आपला साधा फ्लू!"

कडी निघाली. दाढी वाढलेला प्रसन्न चौकटीला टेकून उभा होता, डोळे भरलेले. "खलास, सुटलो. यल्ला, चल लवकर, आण माझ्या पोरीला."

ती चपला न घालताच जिना चढली. मरियमबी गच्चीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर वर उचलली नाही.

"मुन्सिपाल्टीवाले उचलून नेतात, म्हणून कुणाला बोलले नाय गो. काल सांजेपर्यंत चांगली होती सगळी..."

पाण्याच्या टाकीमागे, जुन्या पडद्याच्या आडोशाला लाकडी खोका होता. त्यात चार कोंबड्या माना टाकून पडलेल्या. पाचवी इशिताच्या मांडीवर होती. आईला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू, मम्मा! दे आर स्लीपिंग. आय किस्ड देम ऑल."